टोंगारिरो क्रॉसिंगला आमच्या शटलने येताय? मग हे आधी वाचा

नमस्कार मंडळी! टोंगारिरो क्रॉसिंग म्हणजे न्यूझीलंडमधली, ज्वालामुखींच्या अंगावरून जाणारी एका दिवसाची ट्रेकची वाट. बुकिंग केल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणजे गाडी कुठे लावायची, आई-बाबांना झेपेल का, पाऊस आला तर पैसे परत मिळतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. थोडं लांब झालंय पण आदल्या रात्री चहा घेत निवांत वाचा, ट्रॅकवर उघडून वाचू म्हणाल तर तिथे नेटवर्कचा भरवसा नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आम्ही गाईड नाही, आमची फक्त गाडी आहे. सकाळी तुम्हाला मंगाटेपोपोला, म्हणजे वाटेच्या सुरुवातीला सोडणार, दुपारी केटेटाहीला, म्हणजे शेवटाला घ्यायला येणार, मधलं सगळं तुमचं तुम्ही चालायचं. वाट चांगली बांधलेली आहे, खुणेचे खांब आहेत, सीझनमध्ये मागे-पुढे माणसं असतात, त्यामुळे हवा चांगली असेल तर चुकायची भीती फारशी नाही. ज्यांना सोबत कोणीतरी हवंय त्यांनी परवानाधारक गाईडेड ग्रुप बघावा, त्यात कमीपणा काही नाही.

शटलच का, आपली गाडी नेली तर?

कारण ही वाट गोल नाहीये, इकडून चढायचं आणि डोंगराच्या दुसऱ्या बाजूला उतरायचं. साधारण २० किलोमीटर, बहुतेकांना सात-आठ तास लागतात. मंगाटेपोपोला गाडी ठेवली तर शेवटी तुम्ही केटेटाहीला आणि गाडी डोंगरापलीकडे! शिवाय २०१७ पासून सीझनमध्ये मंगाटेपोपोच्या पार्किंगला चार तासांची मर्यादा घातलीये, आणि चार तासांत हा ट्रेक होत नाही, लोकांनी शटल वापरावी म्हणूनच तो नियम आहे. त्याआधी त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्यांच्या रांगा लागायच्या.

आमचा सल्ला विचाराल तर स्वतःची गाडी असेल त्यांनी ती केटेटाहीच्या बाजूला, शेवटाला आमच्या जागेत लावावी आणि तिथून पहाटेच्या बसने सुरुवातीला जावं. म्हणजे दिवसभर घड्याळाकडे बघत पळायला नको, तुम्ही कधीही उतरा, गाडी उभीच आहे. आमच्या बहुतेक लोकांचे पाय ज्या एका गोष्टीमुळे दुखावतात ती म्हणजे शेवटची बस पकडायला उतारावर केलेली पळापळ, चढ नव्हे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना तुरांगीहून किंवा नॅशनल पार्क व्हिलेजहून उचलतो, पण मग परतीच्या बसची वेळ पाळायलाच लागते. ऑकलंडहून त्याच दिवशी पहाटे निघून यायचा प्लॅन करू नका प्लीज, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास ड्रायव्हिंग, मग आठ तास चालणं, मग परत ड्रायव्हिंग, हे धाडस नाही, हे येडेपण आहे. आदल्या रात्री जवळपास मुक्काम करा.

उलट्या दिशेने, म्हणजे केटेटाहीकडून चढलं तर चालेल का असं काहीजण विचारतात. चालतं, पण शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा तीनशे-साडेतीनशे मीटर खाली आहे, त्यामुळे तेवढा चढ फुकटचा वाढतो, आणि समोरून येणारी सगळी गर्दी अंगावर. आम्ही तशी बस चालवत नाही.

वाट कशी आहे

पहिला तास-दीड तास सोपा. मंगाटेपोपोच्या दरीतून ओढ्याच्या कडेने चालायचं, मध्ये मध्ये लाकडी फळ्यांची वाट. उजवीकडे समोर जो एकदम नीटस शंकू दिसतो तो नाउरुहोई, २,२८७ मीटर, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या सिनेमातला आगीचा डोंगर म्हणून सगळ्यांना माहीत असलेला. त्याच्या अंगावरून उतरलेले काळे ओघळ दिसतील, ते १९४९ आणि १९५४ मधले लाव्हाचे प्रवाह आहेत. इथे आपल्या ट्रेकर लोकांनी जरा थांबावं असं मला वाटतं. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो पातळ बेसाल्ट होता म्हणून लांबवर पसरून थरावर थर बसले, आपल्या कड्यांच्या आडव्या पट्ट्या त्याच्याच. इथला लाव्हा बराचसा अँडेसाइट, तो जास्त घट्ट, लांब वाहत नाही, तोंडापाशीच साचत जातो आणि मग असे उभे शंकू तयार होतात. आणि वय बघा ना, १९५४ म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाच्या वेळचा दगड!

सोडा स्प्रिंग्जला टॉयलेट आहे. गरज वाटो न वाटो, तिथे जाऊनच पुढे निघा, कारण त्यानंतर सगळं उघडं रान, आडोशाला एक झुडूपही नाही. तिथूनच खरा चढ लागतो, डेव्हिल्स स्टेअरकेस. नावाला घाबरू नका, बऱ्याच ठिकाणी पायऱ्या केल्यात, पण साधारण दोनशे मीटरची उंची एकदम घ्यायची आहे. ज्यांना पायऱ्या चढताना छातीत भरून येतं त्यांनी इथेच ठरवायचं, पुढे की मागे. मागे फिरायचं असेल तर सरळ आल्या वाटेने मंगाटेपोपोला या, सिग्नल मिळेल तिथून आम्हाला मेसेज टाका, आम्ही गाडी पाठवतो, त्याचे जादा पैसे घेत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पैसे भरलेत म्हणून लोक रेटत राहतात.

वर साउथ क्रेटरचं सपाट मैदान, जरा चंद्रावर आल्यासारखं. तिथून परत चढ, आणि रेड क्रेटरचा कडा, ट्रेकमधली सगळ्यात उंच जागा, जवळपास १,९०० मीटर. लाल रंग लोखंडाचा, गरम दगडातलं लोखंड हवेशी मिळून गंजतं. इथे कड अरुंद आहे आणि वारा जोरात असतो, पाय ढळेल असा, मुलांचा हात धरा आणि सेल्फीसाठी मागे मागे सरकू नका. जमिनीतून वाफ येते, गंधकाचा वास असतो, दमा असलेल्यांनी इन्हेलर सॅकच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवा.

आता रेड क्रेटरवरून खाली उतरायचा तुकडा. आपल्याला शब्द माहीत आहे, घसारा. सुट्टी खडी आणि राख, घोट्यापर्यंत पाय जातो. इथेच सगळ्यात जास्त लोक पडतात. सह्याद्रीत जसं उतरतो तसंच, टाच रोवून, छोटी पावलं, अंग मागे न झोकता गुडघे जरा वाकवून, आणि एकाच्या मागे एक सरळ रेषेत उतरू नका, वरच्याने पाडलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो. काठ्या असतील तर इथे काढा. गुडघ्याचा त्रास असलेल्या काका-काकूंना आम्ही नेहमी सांगतो की तुमची परीक्षा चढात नाही, या उतारात आणि शेवटच्या दोन तासांत आहे.

खाली ते तीन पाचूसारखे तलाव. हे स्फोटांनी पडलेले जुने खड्डे, त्यात पाणी साचलंय, आणि रेड क्रेटरच्या गरम भागातून झिरपून येणाऱ्या खनिजांनी तो हिरवा-निळा रंग. पाणी आम्लधर्मी आहे, पिऊ नका. जेवायला बसायचं तर इथे वारा बघून बसा, पण पाण्याला अगदी टेकून नको. पुढे ब्लू लेक लागतो, तो माओरी लोकांसाठी पवित्र, तपू, तिथे काठावर खाणं-पिणं नाही आणि पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही.

हा सगळा परिसर नाटी तूफारेटोआ या माओरी जमातीचा. त्यांचे प्रमुख होरोनुकू ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी १८८७ मध्ये ही शिखरं सरकारला भेट दिली, ती तुकड्या तुकड्यांनी विकली जाऊ नयेत म्हणून, आणि त्यातूनच न्यूझीलंडचं पहिलं नॅशनल पार्क उभं राहिलं. युनेस्कोने १९९० मध्ये निसर्गासाठी आणि १९९३ मध्ये संस्कृतीसाठी असा दोनदा जागतिक वारसा दिला. म्हणूनच नाउरुहोई आणि टोंगारिरोच्या शिखरांवर चढू नका अशी या जमातीची विनंती आहे, पूर्वी तिथे जाणाऱ्या साइड ट्रॅकच्या खुणाही काढून टाकल्यात. कोणी यूट्यूबवर बघून आलं असेल की दोन-तीन तासांत शिखर करून येतो, तर आमच्या बसच्या वेळेत ते बसत नाही आणि बसलं असतं तरी आम्ही नको म्हटलं असतं.

ब्लू लेकनंतर मोठं दृश्य उघडतं, लांबवर टाउपोचा तलाव, आणि मग उतार, वळणावळणाचा, न संपणारा. शेवटी जंगल लागतं. नकाशावर हा भाग किरकोळ दिसतो पण दोन-अडीच तास सहज जातात, शेवटच्या बसचा हिशोब करताना लोक नेमके हेच विसरतात. आमचा साधा नियम लक्षात ठेवा, दुपारी एकपर्यंत पाचूच्या तलावांपाशी नसाल तर लांब फोटो सेशन करू नका.

ज्वालामुखी जिवंत आहे का?

हो. म्हणजे झोपलेला आहे पण मेलेला नाही. पृथ्वीचं कवच प्लेट नावाच्या मोठ्या तुकड्यांचं आहे, इथे पॅसिफिक प्लेट ऑस्ट्रेलियन प्लेटच्या खाली सरकते, ती सोबत पाणी नेते, त्या पाण्याने खालचा खडक कमी तापमानाला वितळतो, आणि तो वर येतो, एवढं साधं गणित. टोंगारिरोच्या उत्तर बाजूला ते मारी नावाची मुखं आहेत, ती शंभरावर वर्षं गप्प होती, आणि ६ ऑगस्ट २०१२ ला रात्री उडाली. वाटेवरच्या केटेटाही हटच्या छतातून दगड आत घुसले. २१ नोव्हेंबरला परत, आणि यावेळी भर दुपारी, ट्रॅकवर लोक असताना, नशिबाने कोणाला इजा झाली नाही.

घाबरवायला सांगत नाहीये. जिओनेट ही यंत्रणा चोवीस तास मोजमाप करत असते आणि ० ते ५ असा धोक्याचा स्तर जाहीर करते, तो आम्ही रोज बघतो, वाढला तर बस निघत नाही. ट्रॅकच्या दोन्ही टोकांना सूचनेचे फलक आहेत, लाल दिसलं तर मागे फिरायचं, वाद नाही. आणि उतारावर जिथे ‘इथे थांबू नका’ असं लिहिलंय तिथे डबा उघडून बसू नका, ती जागा ते मारीच्या टप्प्यात येते म्हणून लिहिलंय.

तरी खरं सांगायचं तर इथे लोकांना ज्वालामुखीपेक्षा हवा जास्त त्रास देते. पार्किंगमध्ये ऊन आणि वर धुकं, वारा, कधी भर डिसेंबरमध्ये, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातही बर्फाचे कण. म्हणून बस जाणार की नाही हे आम्ही आदल्या संध्याकाळी ठरवतो आणि पहाटे परत एकदा बघतो. आम्ही रद्द केली तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरा दिवस, तुम्ही ठरवा. ‘एवढ्या लांबून आलोय, थोडं तरी जाऊ द्या’ हे आम्ही खूप ऐकतो, आणि उत्तर नाहीच असतं. त्यामुळे ट्रिपमध्ये एक दिवस राखून ठेवा. मे ते ऑक्टोबरमध्ये वर बर्फ असतो, क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे लोखंडी काटे), आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि हिमस्खलनाची माहिती लागते, तेव्हा आम्ही नेतच नाही.

काय आणायचं

जीन्स नको! भिजली की वाळत नाही आणि अंग गारठतं. थर्मल, फ्लीस, आणि वर पाण्या-वाऱ्याला अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे, उन्हाळा असला तरी. गॉगल, सनस्क्रीन, कारण इथलं ऊन थंडीतही भाजतं. पाणी माणशी दोन-तीन लिटर घरून, वाटेत पिण्याजोगं पाणी नाही, ओढ्याचं तर अजिबात नको. खायला ठेपले, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, असलं काहीतरी जे थंडही चांगलं लागतं. कचरा, संत्र्याची सालंसुद्धा, परत आणायचा, वर कुठेही डबा ठेवलेला नाही. ड्रोन आणि कुत्रा दोन्ही घरी.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. वापरलेले ट्रेकिंगचे बूट आणि सगळं खाणं विमानतळावर फॉर्मवर डिक्लेअर करायचं. राजमाचीचा चिखल बुटाच्या खाचांमध्ये असेल तर घरीच ब्रशने घासून काढा. डिक्लेअर केलं की फार तर ते तपासतात, धुवायला नेतात किंवा काढून घेतात, पण न सांगता सापडलं तर ४०० डॉलरचा दंड जागेवर. आईने प्रेमाने भरून दिलेला डबा असला तरी.

पडझड झालीच तर १११ वर फोन. इथे अपघाताच्या इजेवरच्या उपचाराचा बराच खर्च एसीसी ही सरकारी योजना पर्यटकांसाठीही उचलते, पण आजारपण, ट्रिप रद्द होणं, सामान हरवणं त्यात येत नाही, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच.

मुलांबद्दल, आठ तास चालायची सवय असेल तर आणा, खांद्यावर घेऊन नेऊ असा विचार असेल तर नको, फाकापापाजवळ तरानाकी फॉल्सची दोन तासांची मस्त वाट आहे, अर्ध्या कुटुंबाने ती करावी. आम्ही तिथे सोडतो, फक्त बुकिंग करताना सांगा.

बुकिंगला ग्रुपमधल्या प्रत्येकाचं नाव, एक चालू मोबाईल नंबर आणि मुक्काम कुठे आहे एवढं पाठवा. निसर्ग संवर्धन खात्याच्या, म्हणजे डॉकच्या साइटवरचं ट्रॅकचं मोफत बुकिंग तुमचं तुम्ही करायचं. बसमध्ये चढताना आणि उतरल्यावर आमच्या यादीत टिक करून घ्या, त्या यादीवरूनच कोण अजून डोंगरावर आहे ते आम्हाला कळतं. दुसऱ्या कोणाच्या गाडीतून परस्पर निघून गेलात तर कृपया मेसेज टाका, नाहीतर आम्ही अंधार पडेपर्यंत केटेटाहीला तुमची वाट बघत बसतो आणि मग पोलिसांना फोन करतो.