भुयारी खेळांचे स्मरणरंजन

भुयारी खेळांचे स्मरणरंजन : भुयारात उतरलेल्या पथकाच्या डोळ्यांनी समोरचा बोळ पाहायचा आणि एकेक चौकट पुढे सरकत वाट शोधायची, अशा रीतीच्या जुन्या संगणक-खेळांविषयी त्यांच्या खेळाडूंना वाटणारी ओढ, आणि त्या ओढीतून या खेळप्रकाराचे अलीकडे झालेले पुनरुज्जीवन. या खेळांचा भर साधारण १९८१ ते १९९५ या काळात होता. त्यांना ‘डंजन क्रॉलर’ म्हणतात. मराठीत रूढ प्रतिशब्द नसल्याने येथे ‘भुयारी खेळ’ असे म्हटले आहे. जाणकारांत ‘ब्लॉबर’ हे नावही चालते, कारण चार किंवा सहा जणांचे पथक एका गोळ्यासारखे एकाच चौकटीतून हलते. भारतात घरगुती संगणक पसरू लागले तोवर ही लाट ओसरत आली होती. त्यामुळे हे स्मरणरंजन मुख्यतः अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या खेळाडूंचे आहे.

या खेळांतले भुयार म्हणजे चौकटींचा पट. पुढे एक पाऊल टाकले की एक चौकट ओलांडली जाते. वळायचे तर काटकोनातच. मधली अवस्था नसते. ही रचना प्रथम सोयीसाठी आली. ॲपल टू या संगणकावर ४८ किलोबाइट स्मृती असे. तेवढ्यात हलती त्रिमिती दृश्ये काढणे शक्य नव्हते. पण समोरच्या दोन-तीन चौकटींच्या भिंती चार तिरप्या रेषांनी सुचवणे सहज जमत होते. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहानशा खिडकीत पांढऱ्या रेषांचा बोळ, बाकी जागेत पथकाची नावे आणि आकडे. एवढ्यावर लोक रात्री जागवत. पुढे यंत्रे बलवान झाली आणि ही सोय उरली नाही. तरीही आजचे भुयारी खेळ चौकट सोडायला तयार नाहीत. ते का, याचा उलगडा या नोंदीत पुढे येईल.

आरंभ विद्यापीठांत झाला. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक-जाळ्यावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांनी असे खेळ लिहिले. ‘उब्लिएट’ (१९७७) त्यांतला महत्त्वाचा. घरगुती संगणकांवर रिचर्ड गॅरियटच्या ‘अकालाबेथ’मध्ये रेषांची भुयारे दिसली. पण ज्याच्यापासून परंपरा मोजतात तो खेळ १९८१ चा : ‘विझर्ड्री : प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड’. कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्रू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी तो पास्कल या संगणक-भाषेत लिहिला आणि सर-टेक या कंपनीने विकला. खेळातला दुष्ट मांत्रिक वेर्डना आणि वेडा राजा ट्रेबॉर ही या दोघांचीच नावे उलटी लिहिलेली आहेत.

‘विझर्ड्री’चे भुयार दहा मजल्यांचे, प्रत्येक मजला २० × २० चौकटींचा. खेळ नकाशा देत नसे. खेळाडूने आलेख कागदाचा ताव पुढ्यात घेऊन बसायचे, पाऊल टाकायचे, रेघ ओढायची, पुन्हा पाऊल टाकायचे. भिंत म्हणजे दोन चौकटींमधली रेघ, दार म्हणजे रेघेवरची छोटी खूण, जिना म्हणजे एखादे अक्षर. प्रत्येकाची खुणांची भाषा वेगळी. मजला ४०० चौकटींचाच आहे हे एकदा उमगले की कागदावरची कोरी जागा बोलू लागे. चारही बाजूंनी खोल्या आणि मधे तीन चौकटी रिकाम्या, म्हणजे तिथे काहीतरी दडलेले आहे, एखाद्या भिंतीत चोरदार आहे. असा शोध पडद्यावर लागत नसे, तो कागदावर लागत असे. प्रस्तुत लेखकाला या साऱ्या परंपरेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

खेळ लिहिणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते, म्हणून त्यांनी सापळे रचले ते नकाशा काढणाऱ्यासाठी. काही चौकटींवर पाय पडताच पथकाचे तोंड गुपचूप दुसऱ्या दिशेला फिरे. सगळ्या भिंती सारख्याच दिसत असल्याने हे कळायला मार्ग नसे. उत्तरेला चाललो आहोत असे समजून खेळाडू पूर्वेची वाट उत्तरेच्या जागी रेखाटत राही. काही चौकटी पथकाला न सांगता दुसरीकडेच नेऊन ठेवत. काही पट्ट्यांत मिट्ट काळोख, तिथे भिंतीवर आपटूनच भिंत समजायची. लबाडी उघडी पडे ती बऱ्याच वेळाने, कागदावर एका खोलीवर दुसरी खोली चढू लागली की. मग खोडरबर घ्यायचे आणि चूक कुठून सुरू झाली ते पाऊल शोधत मागे जायचे. ‘डुमापिक’ हा मंत्र टंकला तर आपण जिन्यापासून किती पूर्वेला आणि किती उत्तरेला आहोत ते कळे, पण मंत्र मोजके असत आणि ते जखमी, थकलेल्या पथकासाठी राखून ठेवावे लागत. ‘मालोर’ मंत्राने एकदम हव्या त्या चौकटीत जाता येई; हिशेब चुकून पथक खडकात शिरले तर सहाही जण कायमचे गेले. नकाशातली चूक जिवावर बेतणारी होती. शिवाय मृत्यू लगेच खेळाच्या तबकडीवर (फ्लॉपी डिस्कवर) नोंदला जाई. मेलेले पथक भुयारातच पडून राही आणि ते आणायला नवे, कच्चे पथक घडवून तिथवर पोचवावे लागे. देवळात पुनर्जीवनाचा विधी फसला तर माणसाची राख होई, राखेवरचा विधीही फसला तर तो कायमचा गमावला. त्या काळच्या खेळाडूंना आपल्या पथकातल्या पात्रांची नावे अजून आठवतात याचे कारण इथे आहे.

‘द बार्ड्स टेल’ (१९८५) आणि ‘माइट अँड मॅजिक’ (१९८६) यांनी हीच वाट रुंद केली. शहरे आणि मोकळे रानही चौकटींत आणले.

खरे वळण आले १९८७ च्या अखेरीस, अटारी एसटी संगणकावर. एफटीएल गेम्सचा ‘डंजन मास्टर’ हा थांबत नसे. आधीच्या खेळांत खेळाडू विचार करत बसला तरी राक्षसही वाट पाहत उभे असत. इथे ते आपल्या पायांनी चालत येत. मशाली हळूहळू विझत आणि चित्र खरोखर अंधारत जाई. भूक आणि तहान लागे. भिंतीतल्या कारंज्यावर पखाली भरून घ्याव्या लागत आणि ‘स्क्रीमर’ नावाचे, कुत्र्याच्या छत्रीसारखे दिसणारे चालते प्राणी मारून त्यांचे तुकडे खावे लागत. सुरुवातीच्या दालनात भिंतींवर २४ आरसे, त्यांत २४ कैद झालेले वीर; त्यांतून जास्तीत जास्त चार निवडायचे. मंत्र यादीतून निवडायचे नसत. शक्तीचे एक अक्षर, मग तत्त्वाचे, मग रूपाचे, असे जुळवायचे : ‘फुल’ म्हणजे अग्नी, त्याला ‘इर’ जोडले की आगीचा गोळा. एकूण अक्षरे २४. भाषा शिकावी तशी ही अक्षरे खेळाडू शिकले, आणि आजही त्यांच्यापैकी अनेकांना ती पाठ आहेत.

‘डंजन मास्टर’ने आवाजही भुयारात आणला. पडद्याबाहेर कुठेतरी दार घसरल्याचा, कुणी सरकल्याचा आवाज येई आणि ते कुठल्या बाजूला आहे ते कळत नसे. वर टांगलेले दार राक्षसाच्या डोक्यावर बंद करून त्याला चिरडता येई. दोन बाय दोन चौकटींच्या मोकळ्या जागेत बाजूला सरकत, वळत, वार करत राक्षसाला गोल गोल फिरवण्याची युक्तीही खेळाडूंनी याच खेळात शोधली. ती नियमांत लिहिलेली नव्हती, पण चौकटींचा खेळ असल्यानेच ती शक्य झाली. भिंती इथे पातळ रेषा नसून अख्ख्या चौकटीएवढ्या जाड होत्या. आलेख कागदावर मग रेघा ओढण्याऐवजी चौकटी काळ्या करत जाण्याची पद्धत पडली. हरवू नये म्हणून खेळाडू वाटेत वस्तू टाकत जात; ओळखीची एखादी पेटी दिसली की इथे आपण आधी येऊन गेलो हे पटे.

यानंतर या वळणाचे खेळ भराभर आले. वेस्टवुडने घडवलेल्या ‘आय ऑफ द बिहोल्डर’मध्ये वॉटरडीप शहराच्या गटारांत उतरताच मागची वाट ढासळून बंद होते, तो आरंभ विसरणे कठीण. त्याच्या डॉस (तेव्हाच्या पीसी संगणकांची कार्यप्रणाली) आवृत्तीत शेवटचा शत्रू मेल्यावर बक्षीस म्हणून थोडासा मजकूर आणि पुन्हा काळा पडदा, एवढेच होते. बिचाऱ्या खेळाडूंनी तेव्हा तक्रारी केल्या, पण त्यांच्या आठवणीतून हा खेळ उतरला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यावरूनच कळते की ओढ कथेच्या शेवटाची नव्हती.

ओहोटीचे कारण तंत्रात होते. मार्च १९९२ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ने भुयारात मोकळेपणाने चालू दिले, वर-खाली पाहू दिले. नकाशाही तो आपण होऊन काढी, आणि त्यावर खेळाडूला स्वतःच्या टिपा लिहिता येत. दोनच महिन्यांनी ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ आणि डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हे धावत गोळ्या झाडायचे खेळ आले. त्यांच्यापुढे एकेक चौकट सरकणारे पथक जुनाट वाटू लागले. ‘विझर्ड्री ८’ २००१ मध्ये आला, आणि त्या सुमारास सर-टेकचा कारभारही आवरला.

जपानमध्ये मात्र ओहोटी तशी आलीच नाही. १९८७ मध्ये ‘विझर्ड्री’ फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रावर उतरला. त्याला केंतारो हानेदा यांचे संगीत लाभले, आणि अमेरिकी खेळाडूंच्या आठवणीत शांत असलेले ते भुयार जपानी खेळाडूंच्या आठवणीत सुरांनी भरलेले राहिले. मूळ कंपनी संपल्यावरही तिथे या नावाचे खेळ निघत राहिले.

जुन्या खेळाडूला त्याच्या आवडत्या भुयाराविषयी विचारले तर तो राक्षसांचे वर्णन क्वचितच करतो. तो वाट सांगतो. जिन्यावरून उतरलो की तीन पुढे, डावीकडे दार, पलीकडे खड्डा, खड्डा चुकवायचा तर उजवीकडची कळ दाबायची. हाताने वाट दाखवतोही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या, कुठेही नसलेल्या जागेत तो डोळे मिटून चालू शकतो. गावाकडच्या घराविषयी माणसे जशी बोलतात, माजघरातून परसात जाताना उंबरा कुठे लागतो ते सांगतात, तसेच हे बोलणे असते. जागा अशी अंगात मुरली याचे श्रेय चौकटीला आणि कागदाला आहे. पावले मोजता येत होती, म्हणून ती लक्षात राहिली. नकाशा स्वतः काढला, म्हणून भुयार अर्धे खेळाडूचे झाले. जुन्या खेळांची खोकी आज संग्राहक विकत घेतात, तेव्हा आत कधी कधी आधीच्या मालकाचे पेन्सिलीने काढलेले, खाडाखोड केलेले नकाशे निघतात. खऱ्या रसिकाला ते तबकडीइतकेच मोलाचे वाटतात.

या आठवणी सगळ्या न्याय्य आहेत असे मात्र नाही. दर काही पावलांवर होणाऱ्या लढाया कंटाळवाण्या होत्या, एका चुकीने आठवड्यांची मेहनत जाई, आणि असंख्य खेळाडूंनी हे खेळ अर्ध्यावर सोडले. शेवटपर्यंत न पोचलेल्या भुयाराची ओढ काहींना अधिक आहे, आणि तीही खरी आहे.

पुनरुज्जीवन दोन वाटांनी आले. जपानच्या ॲटलसने २००७ मध्ये निन्टेन्डो डीएससाठी ‘एट्रियन ओडिसी’ काढला. या यंत्राला दोन पडदे होते. वरच्यावर भुयार, खालच्या स्पर्शपडद्यावर चौकटींचा कोरा कागद, आणि हाती लेखणी. भिंती खेळाडूने ओढायच्या, दारांच्या खुणा खेळाडूने मांडायच्या. आलेख कागद इतक्या नेमकेपणाने खेळात आणल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. हीच मालिका २०२३ मध्ये दोन पडदे नसलेल्या यंत्रांवर आली तेव्हा नकाशासाठी पडद्याचा एक भाग राखून ठेवावा लागला. दुसरी वाट फिनलंडची. ऑलमोस्ट ह्यूमन या चौघांच्या गटाने एप्रिल २०१२ मध्ये ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ प्रसिद्ध केला : चार कैदी डोंगराच्या माथ्यावरून भुयारात ढकलले जातात आणि खाली खाली उतरत जातात. दगड, शेवाळ, मशालीचा थरथरता उजेड सारे आधुनिक. पाऊल मात्र एका चौकटीचे आणि वळण काटकोनातले. नकाशा हा खेळ स्वतःच काढतो, पण खेळ सुरू करतानाच तो बंद ठेवण्याची सोय दिली आहे आणि तिचे नाव ‘ओल्ड-स्कूल’ आहे.

स्वयंचलित नकाशा असावा की नसावा, यावर या मंडळींत जुना वाद आहे. ‘द बार्ड्स टेल’च्या तिसऱ्या भागाने (१९८८) तो दिलाच होता, म्हणजे तो नव्या पिढीच्या आळसातून आला असे म्हणता येत नाही. वेळ नसलेल्या माणसालाही भुयारात उतरू द्यावे, हा त्याच्या बाजूचा मुद्दा वाजवी आहे. तरीही नकाशा फुकट मिळाला की कोऱ्या जागेवरून चोरदार ओळखण्याचा आनंद बराचसा जातो, हे प्रस्तुत लेखकाला नाकारता येत नाही.

जुने खेळ आज डॉसबॉक्ससारख्या, जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या अनुकरण-प्रणालींमुळे नव्या संगणकांवर चालतात, आणि ‘डंजन मास्टर’ची तर चाहत्यांनी आतली रचना उलगडून नव्याने बांधणी केली आहे. ‘विझर्ड्री’च्या पहिल्या भागाची डिजिटल एक्लिप्स या कंपनीने केलेली नवी आवृत्ती मे २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात आली, ती मूळच्याच आज्ञावलीवर उभी आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अँड्रू ग्रीनबर्ग यांचे निधन झाले. ॲपल टू वरच्या ज्या खेळाला संगीतच नव्हते, त्याच्या या आवृत्तीच्या संगीताला फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. खेळताना पडद्यावर रंगीत दगडी भिंती दिसतात, आणि हवे असेल तर एका कोपऱ्यात छोटी खिडकी उघडी ठेवता येते. तिच्यात तेच पाऊल, त्याच क्षणी, १९८१ च्या पांढऱ्या रेषांत पडत असते.