जार
इंग्रजीतील एक ध्वन्यनुकारी शब्द. घासल्यासारखा, थरथरता, कानाला बोचणारा आवाज हा त्याचा मूळ अर्थ. बरणी या अर्थाचा ‘जार’ दिसायला-ऐकायला हुबेहूब तोच असला, तरी त्याचे कूळ निराळे : तो मातीचे पाण्याचे भांडे या अर्थाच्या अरबी ‘जर्रा’वरून रोमान्स (लॅटिनपासून निघालेल्या) भाषांमार्गे इंग्रजीत आला.

ध्वनिवाचक क्रियापद साधारणपणे १५२० च्या दशकापासून आढळते. करकरणे या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी ‘चेअर्कियन’शी त्याचे नाते सुचवले जाते. मात्र प्राचीन इंग्रजीत शब्दारंभी ‘ज’ हा उच्चार नव्हता. तो पुढे मुख्यतः फ्रेंच शब्दांबरोबर आला. त्यामुळे सरळ वंशावळ लावणे अवघड जाते. ‘चर्’ (घरघरणे), ‘चर्क’ (करकरणे), ‘जार’ हे सारे इंग्रजी शब्द आवाजाच्या नकलेतून स्वतंत्रपणे घडले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘जार्गन’ हा शब्द फ्रेंचमधून आलेला असून पाखरांचा किलबिलाट हा त्याचा जुना अर्थ आहे. त्याच्याशी असलेले साम्य बहुधा योगायोगाचे.

आवाजावरून बेसूरपणा, खटका, भांडण असे अर्थ लवकरच निघाले; हादरा हा अर्थही सोळाव्या शतकातलाच. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये, विसंवादाचाच घडलेला जेकस (नाटकातील एक पात्र) सुरेल झाला तर ग्रहगोलांचे संगीत बिघडेल, असे ड्यूक म्हणतो, तेथे विसंवादासाठी हाच शब्द आहे. ‘द विंटर्स टेल’मध्ये मात्र तो घड्याळाच्या टिकटिकीसाठी येतो, आणि तिथे कर्कशपणाचा मागमूस नाही.

किंचित उघड्या दाराला लावतात तो ‘अजार’ वेगळा. तो ‘वळण’ या अर्थाच्या प्राचीन शब्दापासून आला आहे.

‘नाइटजार’ (मराठीत रातवा) या पक्षिनामात मूळ अर्थ टिकून आहे. संध्याकाळनंतर युरोपीय रातव्याचा नर चरखा फिरावा तशी सलग घरघर करतो, तिच्यावरून हे नाव पडले. भारतीय रातव्याचा ‘चक्-चक्-चक्-र्र्र’ हा तुटक आवाज ऐकणाऱ्याला मात्र ते तितकेसे पटत नाही.

विहीरखोदाईत, अडकलेले हत्यार धक्के देऊन सोडवणाऱ्या साधनालाही ‘जार’ म्हणतात. अमेरिकेतील कनावा खोऱ्यात मिठाच्या विहिरी खोदणाऱ्या विल्यम मॉरिसने (इंग्रज कवी मॉरिस नव्हे) १८४१ मध्ये अशा साधनाचे एकस्व घेतले होते. पुढे ते तेलविहिरींवर रुळले.