गर्भावस्थेतील मर्दनोपचार

गरोदरपणातील कंबरदुखी, श्रोणीभागातील वेदना व पायांवरील सूज (शोफ) यांपासून आराम मिळावा म्हणून हातांनी चोळणे, दाबणे, मळणे इ. क्रियांनी केलेले उपचार. त्यांत मुख्यतः दोन पद्धती येतात : स्नायूंचा ताण घालविणारे स्वीडिश मर्दन आणि सूज उतरविण्यासाठीचे लसीका-निचरा मर्दन (ऊतकांत साचलेला द्रव लसीका, म्हणजे लिंफ, वाहिन्यांकडे सरकविणारे).

गरोदरपणात रक्तद्रवाचे आकारमान सुमारे ४०–५० टक्क्यांनी वाढते. त्या प्रमाणात प्रथिने वाढत नसल्याने पाणी केशवाहिन्यांतून भोवतालच्या ऊतकांत झिरपते. शिवाय वाढलेल्या गर्भाशयाचा भार अधोमहानीलेवर (शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेवर) व श्रोणीतील नीलांवर (शिरांवर) पडून पायांतील रक्त परतण्यास अडथळा होतो. म्हणून सूज घोट्यांवर व दिवस मावळताना अधिक दिसते. मर्दनाने यांपैकी एकही कारण दूर होत नाही. साचलेला द्रव तेवढा पुढे सरकतो.

स्वीडिश मर्दनाचे जनकत्व पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांना देण्याचा प्रघात आहे. लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची संस्था स्थापन केली हे खरे; मात्र त्यांची पद्धती प्रामुख्याने व्यायामाची होती. एफ्लराज (हलके चोळणे), पेत्रिसाज (मळणे) इ. आज रूढ असलेली फ्रेंच नावे व वर्गीकरण यांचे श्रेय काही अभ्यासक डच वैद्य योहान गेओर्ग मेत्सगर (१८३८–१९०९) व त्यांच्या अनुयायांना देतात. संज्ञा फ्रेंच असणे हे लिंग यांच्यापेक्षा या मताशी अधिक जुळते. ‘मसाज’ या शब्दाचा उगमही निश्चित नाही; तो स्पर्शवाचक अरबी धातूपासून आला असे एक मत, तर कणीक तिंबणे या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून आला असे दुसरे. मराठीतील ‘मालिश’ मात्र फार्सी ‘मालीदन’ (चोळणे) पासून आलेला, म्हणजे वेगळ्याच कुळातील आहे.

लसीका-निचरा पद्धती डॅनिश दांपत्य एमिल व एस्ट्रिड व्होडर यांनी १९३० च्या दशकात फ्रान्समधील कान येथे विकसित केली व १९३६ मध्ये पॅरिसमध्ये मांडली. त्यांचे आरंभीचे रुग्ण जुनाट सर्दीचे होते व हाताळणी मानेतील लसीका ग्रंथींची होती. सुजलेल्या अवयवांवर मर्दन व दाबपट्टी यांचा संयुक्त उपचार त्याआधीच, १८९२ मध्ये, आलेक्सांडर फोन व्हिनिव्हार्टर यांनी हत्तीरोगावरील ग्रंथात वर्णिला होता. गर्भवती स्त्री दोहोंच्याही डोळ्यांसमोर नव्हती; तिच्यासाठीचा वापर नंतरचा आहे.

उपचारावेळी स्त्रीला कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी देऊन निजवितात. सुमारे २० आठवड्यांनंतर उताणे निजणे टाळतात, कारण तेव्हा गर्भाशय अधोमहानीला दाबते. लसीका-निचऱ्यात दाब त्वचा ताणली जाईल इतकाच असतो व आधी मांडीकडील, मग घोट्याकडील भाग घेतात.

मियामी विद्यापीठातील टिफनी फील्ड व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील अभ्यासात २६ गर्भवतींपैकी मर्दन घेणाऱ्यांची चिंता व पाठदुखी कमी झाली. तुर्कस्तानातील २०१० च्या चाचणीत (८० स्त्रिया) रोज २० मिनिटे, पाच दिवस केलेल्या पाय-मर्दनाने घोटा व पाऊल यांचा घेर कमी भरला. याउलट २००३ मधील ५५ स्त्रियांच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत प्रतिक्षेपबिंदू-मर्दन (रिफ्लेक्सॉलॉजी; तळपायांवरील ठरावीक बिंदू दाबणे) व केवळ विश्रांती यांत घेराच्या मोजमापात लक्षणीय फरक आढळला नाही. बरे वाटल्याची नोंद मात्र झाली. अभ्यास छोटे आहेत. वेदना व अस्वस्थता यांबाबतचा परिणाम सूज उतरण्यापेक्षा अधिक विश्वासार्ह मानणे योग्य ठरेल.

पोटरीत खोलवर दाब देणे वर्ज्य समजतात. गरोदरपणात नीलांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार-पाच पटींनी वाढतो व ती बहुधा डाव्या पायात होते. त्यामुळे एकाच पायाला सूज, ऊब व दुखणे असल्यास मर्दन न करता तपासणी करतात. चेहरा व हात एकाएकी सुजणे, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे ही प्री-एक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गंभीर विकाराची) लक्षणे असू शकतात. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब हा त्याच्या निदानातील प्रमुख निकष होय. घोट्याच्या आतील बाजूचा व अंगठा-तर्जनीमधील दाबबिंदू कळा आणतात, या समजुतीने टाळले जातात. प्रसूती सुरू करण्यातील त्यांचा उपयोग २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात) स्पष्टपणे दिसून आला नाही. पहिल्या तीन महिन्यांतील मर्दनाने गर्भपात होतो असे दाखविणारा पुरावा नाही, तरी बरेच उपचारक त्या काळात ते करीत नाहीत.