स्टेल्थ (टेबलटॉप फँटसी रोलप्लेइंग खेळ)

स्टेल्थ म्हणजे रोलप्लेइंग खेळातल्या (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळण्याच्या खेळातल्या) पात्राचे लपण्याचे आणि चोरपावलांनी सरकण्याचे कौशल्य. नियमपुस्तके इंग्रजी असल्यामुळे मुंबईतल्या टेबलांवर गप्पा मराठीत रंगल्या तरी ‘स्टेल्थ टाक’, ‘पर्सेप्शन (हेरण्याचे कौशल्य) किती?’ हेच शब्द तोंडी असतात. नवे खेळाडू याला अदृश्य होण्याची जादू समजतात आणि तिथेच वाद सुरू होतो. लपणे नेहमी कोणापासून तरी असते. डब्बा ऐसपैस खेळलेल्याला हे वेगळे सांगायला नको: जिन्यामागे बसलेला गडी ज्याच्यावर राज्य आहे त्याच्यापासून लपलेला असतो, वरच्या गॅलरीतून बघणाऱ्या आजींपासून नाही. धप्पा दिला की त्याची जागा उघड होते. शर्टांची अदलाबदल करून चकवणे मात्र स्टेल्थ नव्हे, ते वेशांतर. त्याचा फासा वेगळा.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळाच्या १९७४च्या मूळ संचात चोर हा पात्रांचा वर्ग नव्हता, तो १९७५च्या पुरवणीत आला. १९७८च्या नियमपुस्तकात पहिल्या पातळीच्या चोराला सावलीत लपण्याची मूळ शक्यता १० टक्के आणि आवाज न करता चालण्याची १५ टक्के होती. दोन्ही एकदम जमण्याची शक्यता दीड टक्का, म्हणजे चोराने चोरी न केलेलीच बरी. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीतही लपणे आणि नि:शब्द चालणे ही दोन वेगळी कौशल्ये राहिली. २००८मध्ये ती स्टेल्थमध्ये एकत्र झाली.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत लपणारा वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपली स्टेल्थची बेरीज (पात्राच्या कौशल्याचा ठरलेला आकडा) मिळवतो. समोरचा मुद्दाम शोधत नसेल तर त्याच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी, म्हणजे १० अधिक त्याच्या पर्सेप्शनच्या बेरजेशी, तुलना होते. साध्या पहारेकऱ्याचा हा आकडा १२. अधिक ७ बेरीज असलेल्या ‘रोग’ला (चोरासारख्या वर्गातल्या पात्राला) फाशावर ५ किंवा जास्त पुरतात: ८० टक्के. साखळी चिलखतातल्या, शून्य बेरजेच्या योद्ध्याला १२ लागतात, आणि चिलखताच्या खणखणाटामुळे दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागतो. त्याची शक्यता ४५वरून थेट २० टक्क्यांवर येते.

बेत फसतो तो बहुधा फाशामुळे नव्हे, फासे किती वेळा टाकायला लावले त्यामुळे. चौघांची प्रत्येकी ७० टक्के शक्यता धरली आणि एक चुकला की सगळे पकडले गेले असे मानले, तर सुटकेची शक्यता जेमतेम २४ टक्के. त्यात प्रत्येक वळणावर डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) नवा फासा मागितला तर लपून जाण्यात अर्थच उरत नाही. नियमातच उपाय आहे: गटाची एकत्र तपासणी. निम्मे यशस्वी झाले की सगळा गट यशस्वी. त्याच चौघांची शक्यता मग सुमारे ९२ टक्के होते. एका प्रयत्नाला एकच निकाल, आणि परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत तोच चालू, ही पद्धत उत्तम. ‘पास विदाऊट ट्रेस’ हा मंत्र तर ३० फुटांतल्या साथीदारांना अधिक १० देतो. चिलखतवाल्याला नेण्याचा तोच खरा मार्ग.

उजेडाचा नियम सर्वाधिक विसरला जातो. डार्कव्हिजन (अंधारात बघण्याची शक्ती) असलेल्या प्राण्यालाही पूर्ण अंधार अंधूक उजेडासारखाच दिसतो, त्यामुळे त्याचा पॅसिव्ह आकडा ५ने घटतो. १२चे ७ होतात. उलट मशाल २० फूट लख्ख आणि पुढे २० फूट अंधूक उजेड देते. हातात मशाल धरून लपायला निघणारी मंडळी प्रत्येक टेबलावर भेटतात.

२०२४च्या सुधारित नियमांत लपण्यासाठी दाट अंधार, धुके किंवा किमान तीन-चतुर्थांश आडोसा लागतो, शत्रूची थेट नजर चुकलेली असावी लागते आणि एकूण १५ गाठावे लागतात. जमले की पात्राला ‘इनव्हिजिबल’ (अदृश्य) ही स्थिती मिळते, आणि जुना गैरसमज नव्या नावाने परत येतो. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज, हल्ल्याचा फासा, मोठ्याने म्हटलेला मंत्र किंवा शत्रूला सापडणे, यांपैकी काहीही घडले की ती संपते. खांबामागून निघून पहारेकऱ्यासमोर उभे राहिल्यास ‘सापडला’ धरावे. पाठमोऱ्या पहारेकऱ्यामागून पळाल्यास धरू नये. अचानक गाठलेल्या शत्रूची २०१४च्या नियमांत पहिली पाळी वाया जाई. आता इनिशिएटिव्हला (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) त्याला दोन फाशांतला कमी आकडा धरावा लागतो, इतकेच.

नकाशावर एक चौकोनी घर ५ फुटांचे असते. दहा बाय बाराची खोली भरते जेमतेम दोन-दोन घरे, आणि तिथे कपाट नसेल तर फासा मागूच नये. दादरच्या पुलासारख्या गर्दीत मात्र आडोसा नसूनही कोणी लक्ष देत नाही. असा प्रसंग कथेत आला तर फासा टाकू द्यावा, पण पाठलाग करणाऱ्याने पात्राचा चेहरा आधी पाहिला आहे का, हे फासा टाकण्याआधी ठरवावे.