‘याची सवय लागत नाही’

व्यसनांचा इतिहास चाळताना एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: ‘याची सवय लागत नाही.’ बहुतेक वेळा ते डॉक्टरांच्या तोंडी असतं, आणि हेतूही वाईट नसतो.

दारूच्या बाबतीत निसर्गानेच एक हद्द आखली होती. आंबवलेल्या रसात मद्यार्क १५ टक्क्यांच्या आसपास गेला की आंबवणारं यीस्टच तग धरत नाही. ऊर्ध्वपातनाने, म्हणजे रस तापवून त्याची वाफ पुन्हा थंड करण्याने, ती हद्द मोडली आणि ४० टक्क्यांची दारू हाताशी आली. अठराव्या शतकात स्वस्त जिनने लंडनमध्ये असा कहर केला की १७३६ आणि १७५१ मध्ये कायदे करावे लागले. तरीही दारुडा म्हणजे चारित्र्याने ढिला माणूस, हाच समज पक्का होता. १८०४ मध्ये थॉमस ट्रॉटर या डॉक्टरने दारूच्या व्यसनाला आजार म्हटलं. ते अजूनही सगळ्यांच्या गळी उतरलेलं नाही.

अफूची गोष्ट जास्त बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर्टर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन हे वेदनाशामक वेगळं काढलं. १८५३ च्या सुमारास इंजेक्शनची सुई आली. औषध पोटातून गेलं नाही तर त्याची ‘भूक’ लागणार नाही, असं तेव्हा अनेकांना वाटे. घडलं नेमकं उलट. नशा मेंदूत जितकी झटकन पोचते, तितकी तिची पकड घट्ट, आणि सुईने तर रस्ता फारच जवळचा करून दिला.

मग मॉर्फिनच्या व्यसनावर उतारा म्हणून कोकेन! १८८४ मध्ये पुढे मनोविश्लेषणासाठी गाजलेल्या तरुण सिग्मंड फ्रॉइडने त्याची भलामण केली. त्याचा मित्र फ्लाइश्ल याचा अंगठा संसर्गामुळे कापावा लागला होता. त्या जागेच्या वेदना शमवता शमवता तो मॉर्फिनच्या आहारी गेला. फ्रॉइडने सुचवलेलं कोकेन त्याने घेतलं. मॉर्फिन काही सुटलं नाही, वर कोकेन जडलं. कातडीवर काहीतरी सरपटतंय असे भास त्याला होऊ लागले. १८९१ मध्ये तो गेला.

पाठोपाठ १८९८ मध्ये हेरॉइन बाजारात आलं, तेही खोकल्याचं औषध म्हणून. शरीरात शिरल्यावर त्याचं मॉर्फिनच होतं, फक्त मेंदूपर्यंत ते आधी पोचतं. शंभर वर्षांनी १९९६ मध्ये अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी आली. औषध हळूहळू सुटतं म्हणून व्यसनाचा धोका कमी, असा दावा होता. लोकांनी गोळी चुरडली. सगळी मात्रा एकदम मोकळी. धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा उत्पादक कंपनीने २००७ मध्ये कोर्टात कबूल केला.

या सगळ्यात दारू मात्र साळसूद राहिली. खरं तर रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम तोडली तर जीवावर बेतू शकतं. दारू मेंदूला सतत दाबत असते, म्हणून मेंदू उलटा जोर लावून बसलेला असतो. दाब अचानक निघाला की तो जोर उसळतो: आधी हात थरथरतात, बशीला कप लागून वाजतो, मग फिट येते, काहींना भिंतीवर नसलेले किडे दिसतात. अफूवर्गीय नशेचा धोका वेगळा. काही महिने बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, तलफ मात्र शाबूत असते. माणूस जुन्याच अंदाजाने मात्रा घेतो आणि श्वास थांबतो.