‘मी’ऐवजी ‘आम्ही’: बाप्तिस्मा होऊनही न झालेले

६ ऑगस्ट २०२० रोजी रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या केंद्राने, बाप्तिस्म्याविषयीच्या (पाणी ओतून ख्रिस्ती करून घेण्याच्या संस्काराविषयीच्या) दोन प्रश्नांची उत्तरे जवळजवळ एकेका शब्दात जाहीर केली. ‘आईवडील, धर्ममातापिता, आजीआजोबा, कुटुंबीय, मित्रमंडळी आणि सगळ्या समाजाच्या नावाने आम्ही तुझा बाप्तिस्मा करतो’ असे म्हणून मग पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांची नावे घेतली, तर बाप्तिस्मा वैध ठरतो का? नाही. मग त्या व्यक्तीला पुन्हा, कोणतीही अट न घालता बाप्तिस्मा द्यायचा का? होय.

खरी मेख ‘अट न घालता’ या शब्दांत आहे. शंका असेल तिथे कॅथलिक नियमांत मधली वाट आहेच: ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुझा बाप्तिस्मा करतो’ असे म्हणून पाणी ओतायचे. पहिला बाप्तिस्मा खरा असेल तर दुसऱ्याने काही बिघडत नाही. रोमने ही वाट घेतली नाही. शंकाच नाही, या माणसांचा बाप्तिस्मा कधी झालाच नव्हता, असा त्याचा अर्थ.

मुळाशी तिसऱ्या शतकातले भांडण आहे. इ. स. २५६ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला जमलेल्या बिशपांनी (प्रांताच्या धर्मप्रमुखांनी) पाखंडी, म्हणजे चर्चपासून फुटलेल्या, गटांचा बाप्तिस्मा रद्दबातल धरला, रोमने मानला. ३१४ च्या आर्ल येथील सभेने रोमची बाजू उचलली आणि पाश्चात्त्य चर्चची रीत ठरली. देणारा कसा आहे हे पाहायचे नाही. पाणी, शब्द आणि चर्च जे करते ते करण्याचा हेतू एवढेच पाहायचे. म्हणून जीव धोक्यात असलेल्या अर्भकाला सुईण किंवा नर्सही बाप्तिस्मा देऊ शकते, ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी. साधे पाणी घ्यायचे, ते डोक्यावरून वाहिले पाहिजे. नुसते केसांवर अडकले, कातडीला लागलेच नाही, तर शंका उरते. ओतणारा आणि बोलणारा एकच हवा. १३व्या शतकातल्या डॉमिनिकन संन्यासी संघाच्या एका पंडिताने याचे टोकाचे उदाहरण दिले आहे: एक जण मुका, दुसऱ्याला हात नाहीत, एकाने ओतावे नि दुसऱ्याने म्हणावे, तर ते चालणार नाही.

गंमत अशी, की ‘मी’ हा शब्द मंत्राचा गाभा नाही, हेतू स्पष्ट व्हावा म्हणून तो आहे, असेही याच पंडिताने लिहून ठेवले आहे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर ‘देवाच्या अमुक सेवकाचा बाप्तिस्मा होत आहे’ असे कर्मणी रूप चालते. तिथे ‘मी’ नाहीच. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४३९ मध्ये तेही खरे मानले. म्हणजे ‘मी’ गाळला तर चालतो, ‘आम्ही’ घातला तर सगळेच कोसळते. रोमचा युक्तिवाद असा: बाप्तिस्मा मुळात ख्रिस्त देतो, विधी करणारा त्याच्या वतीने बोलतो, जमलेला समाज त्या जागी येऊ शकत नाही. तर्क म्हणून हे पटण्यासारखे आहे. पण उत्साहाच्या भरात ‘आम्ही’ म्हणणाऱ्या डीकनच्या (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या सेवकाच्या) मनात खरेच ती अदलाबदल होती का, हे तपासण्याची सोय त्यात नाही. लॅटिनमध्ये ‘बाप्तिझो’ आणि ‘बाप्तिझामुस’ कानाला लगेच वेगळे कळतात. मराठीत ‘मी करतो’ आणि ‘आम्ही करतो’ यांचे क्रियापद एकच. सर्वनाम गाळले तर कोण बोलतेय हे ऐकणाऱ्याला सांगता येणार नाही.

ही कडक भूमिका आली ती सैल होत गेलेल्या काळात. १९१७ च्या धर्मसंहितेत बाप्तिस्म्याविना मेलेल्याला ख्रिस्ती दफन नव्हते, अपवाद दीक्षार्थ्यांचा, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करत असलेल्यांचा. १९८३ च्या संहितेत बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळाचा अंत्यविधी बिशपच्या परवानगीने होऊ शकतो, आईवडिलांचा बाप्तिस्म्याचा इरादा होता एवढे पुरते. २००७ मध्ये एका धर्मशास्त्रीय आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत, असे म्हटले. ‘लिंबो रद्द’ (लिंबो म्हणजे अशी बाळे स्वर्गाबाहेर, पण यातनेविना राहतात असे मानलेली जागा) हे त्या वेळचे मथळे मात्र चूक होते. लिंबो हे एक संभाव्य मत म्हणून ठेवलेलेच आहे. तेव्हा मेलेल्या बाळासाठी इरादा पुरतो आणि जिवंत माणसासाठी एक सर्वनाम आड येते, ही विसंगती टोचतेच.

२०२० च्या उत्तरानंतर लगेच मिशिगनमधल्या एका तरुण धर्मगुरूला आपल्या १९९० मधल्या बाप्तिस्म्याच्या व्हिडिओत ‘आम्ही’ ऐकू आला. बाप्तिस्मा नाही म्हणून दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) नाही, म्हणून याजकीय दीक्षाही नाही. ऑगस्टमध्येच त्याच्यावर हे सगळे संस्कार ओळीने करावे लागले. त्याने आधी वाहिलेल्या मिस्सा (भाकर व द्राक्षारसाच्या उपासना), दिलेली पापक्षमा अवैध. त्याने दिलेले बाप्तिस्मे मात्र शाबूत, कारण ते कोणीही देऊ शकतो. अरिझोनात ‘आम्ही’ म्हणणाऱ्या एका धर्मगुरूने १७ जून २०२१ पर्यंत दिलेले सगळेच बाप्तिस्मे अवैध धरले गेले.

नोंदवहीत याचा माग लागत नाही. तिथे नाव, आईवडील, धर्ममातापिता, देणारा, स्थळ, तारीख असते; उच्चारलेले शब्द नसतात. विवाहाचे तर आणखी किचकट. बाप्तिस्मा न झालेल्याशी कॅथलिकाने लग्न करायचे तर आधी सूट घ्यावी लागते, आणि इथे ती मागायचे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. पुरावा हाती येईपर्यंत असे लग्न वैध समजले जाते. व्हिडिओ सापडला की ते समजणे संपते, आणि नवराबायकोला धर्मगुरूसमोर पुन्हा संमती द्यावी लागते किंवा बिशपकडून विवाह मुळापासून दुरुस्त करून घ्यावा लागतो.