टाके निघाले, म्हणजे जखम भरली असं नाही
पायाच्या ऑपरेशननंतर घरी आलेल्या पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी

आमच्याकडे ड्रेसिंगचं सामान घ्यायला येणारे आणि घरी ड्रेसिंगला बोलावणारे, दोघंही फिरून फिरून एकच विचारतात: "टाके काढले, आता चालायला हरकत नाही ना?" याचं उत्तर उभ्याउभ्या देऊन भागत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. घोट्याला प्लेट बसवलेली असो, अंगठ्याजवळचं वाढलेलं हाड काढलेलं असो किंवा शुगरमुळे बोट काढावं लागलेलं असो, कातडीचं भरून येणं सगळीकडे एकाच क्रमाने होतं.

कातडीच्या कडा टाक्यांनी जुळवल्या की वरचा पातळ थर एक-दोन दिवसांत सांधला जातो. म्हणून जखम बाहेरून लवकर बंद दिसते आणि तिथेच माणूस फसतो. आत तेव्हा नुसती सुरुवात असते. पहिले तीन-चार दिवस सूज आणि थोडी लाली असते. शरीर तेव्हा जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करत असतं. पुढचे साधारण तीन आठवडे नवीन रक्तवाहिन्या फुटतात आणि कातडीला ताकद देणाऱ्या कोलॅजेनचे धागे पडतात, पण घाईने पडलेले, विस्कळीत. मग वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ शरीर तेच धागे मोडून ओढीच्या दिशेने नीट बसवत राहतं.

ताकदीचा हिशोब पाहिला तर सगळं लक्षात येईल. टाके काढतात त्या दिवशी जखमेत मूळ कातडीच्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा आलेला असतो. तीन आठवड्यांनी साधारण २० टक्के, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. त्यापुढे ती फारशी वाढत नाही. व्रणाची कातडी पहिल्यासारखी मजबूत कधीच होत नाही. घराचा स्लॅब दुसऱ्या दिवशी वरून कडक लागतो, म्हणून खालचे टेकू कोणी लगेच काढून घेत नाही. पायाच्या जखमेलाही टेकू हवा, आणि तो टेकू म्हणजे तुमचा आराम.

चेहऱ्याचे टाके पाच दिवसांत निघतात, मग पायाचे १४ दिवस का, आणि कधी तीन आठवडे का, असंही विचारतात. पाय हृदयापासून सगळ्यात लांब, त्यात रक्त खाली उतरून सूज धरणारा, आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, भार काहीच नाही. टाके गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवले तर कातडीवर आडव्या खुणा राहतात, लवकर काढले तर जखम उकलते. म्हणून तारीख सर्जननेच ठरवायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही टाके काढत नाही, मग पेशंट कितीही ओळखीचा असो. बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबईला ऑपरेशन झालं असेल आणि तेवढ्यासाठी परत जाणं जमत नसेल, तर डॉक्टरांना फोन करून चिठ्ठी मोबाइलवर मागवा. ती दाखवलीत की आम्ही घरी येऊन टाके काढून देतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे पुढे ढकलता येण्यासारखी ऑपरेशनं लोक मे महिन्यात करून घेतात. मुंबईची माणसं घरी आलेली असतात, सोबत मिळते. टाके निघतात तोवर मिरग येतो आणि लावणीची घाई सुरू होते. घरात माणूस कमी, म्हणून पेशंट "जरा बांधावर उभा राहतो" म्हणतो आणि दुपारी चिखलात असतो. भिजलेल्या जखमेच्या कडा पांढऱ्या, सुरकुतलेल्या होतात, चालण्याने ताण पडतो आणि पाय तिथेच उकलतो. बोटांच्या बेचक्यात आधीच चिखल्या असतील तर जंतूंना वेगळी वाट शोधावी लागत नाही. भाताच्या मळ्यातल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) त्यातूनच होतो, आणि तो उघड्या जखमेतून सहज शिरतो.

एकदा उकललेली जखम बहुतेक वेळा पुन्हा शिवता येत नाही. ती तळापासून वर भरत येऊ द्यावी लागते. त्याला आठवडे जातात, शुगर असेल तर महिने, आणि मागे राहणारा व्रण रुंद होतो. काहीजण म्हणतात, हे धंद्यासाठी ड्रेसिंग लांबवतात. शांतपणे विचार करा: उकललेल्या पायाच्या आम्हाला कितीतरी जास्त फेऱ्या होतात. फेऱ्याच हव्या असत्या तर हे पत्रक छापलंच नसतं.

तेव्हा टाके निघाल्यावर निदान तीन-चार आठवडे चिखल नाही, साचलेलं पाणी नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढाच भार. समुद्राचं खारं पाणी जखमेला चांगलं, हा समज सोडून द्या. कोमट समुद्रात असे जंतू असतात की उघड्या जखमेतून जिवावर बेततं. बसलात की पाय वर घ्या. स्टुलावर नव्हे, आडवं पडून उशांवर, छातीच्या पातळीच्या वर. सूज उतरली की ठणका आपोआप कमी होतो.

आंघोळीला पायावर घालायचं रबरी कव्हर दुकानात मिळतं. जाड प्लास्टिक पिशवी वर घट्ट बांधूनही काम भागतं, फक्त पाय बादलीत सोडू नका. पट्टी ओली झाली तर वाळायची वाट न पाहता बदला. पावसाळ्यात हे पाळणं कठीण जातं, म्हणून तेवढे महिने आम्ही सकाळची एक फेरी जास्त ठेवतो.

जखमेवर हळद, खोबरेल, कोळशाची पूड, टूथपेस्ट यातलं काहीही नको. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. डॉक्टरांनी सांगितलेलं सलाइनचं पाणी आणि स्वच्छ गॉज पुरेसा आहे.

खाण्याचं पथ्य लोक उलटं पाळतात. मासे खाल्ले की पू होतो, असं घरोघर सांगतात आणि पेशंटला पेजेवर ठेवतात. कोलॅजेन प्रथिनांपासून बनतं. बांगडा, तारली, अंडी, कुळथाची पिठी, डाळ, सगळं खाऊ द्या. शुगर असेल तर भाताचं प्रमाण सांभाळा आणि शुगर मोजून लिहून ठेवा. सोडायचीच असेल तर तंबाखू सोडा, आणि मिश्रीही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, पायाला आधीच कमी पोचणारं रक्त आणखी कमी होतं. मावश्या, काकू मिश्रीला तंबाखू मानत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

व्रणाबद्दल. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो जास्त लाल, कडक आणि उंच होतो. घाबरून येऊ नका, हाच त्याचा चढाचा काळ. वर्ष ते दीड वर्षात बहुतेक व्रण सपाट आणि फिके होतात. जखमेच्या रेषेतच राहून फुगलेला व्रण पुष्कळदा हळूहळू बसतो. रेष ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरत गेला तर तो केलॉइड, त्याला त्वचारोगतज्ज्ञच दाखवा. आजूबाजूला बधीर लागणं किंवा मुंग्या येणं हे कापल्या गेलेल्या बारीक नसांमुळे होतं, आणि बहुतेकांना काही महिन्यांत कमी होत जातं.

खपल्या पूर्ण पडून जखम कोरडी बंद झाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की बोटाच्या टोकाने गोल गोल मालीश सुरू करा, दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं. यामुळे व्रण खालच्या थराला चिकटत नाही. सिलिकॉनची पट्टी दिवसातले १२ तास तरी लावावी लागते, दोन-तीन महिने. ती धुऊन पुन्हा वापरता येते, त्यामुळे वाटते तेवढी महाग पडत नाही. मात्र जखम ओली असताना कोणी ती मागितली तर आम्ही देत नाही. व्हिटॅमिन ईच्या गोळ्या फोडून लावण्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, काहींना त्याने पुरळ येतं, म्हणून आम्ही त्या यासाठी विकत नाही. उन्हात व्रण काळा पडतो. सुती मोजा घाला किंवा किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावा. तळव्यावरच्या व्रणाखाली मऊ सोल हवा, नाहीतर तिथे भोवरी धरते. पट्ट्याच्या रबरी चपला पहिले काही महिने नकोत. मापाचे मऊ सँडल आणि ऑपरेशननंतरचे कडक तळाचे बूट दुकानात आहेत, घालून पाहून घ्या. वॉकर भाड्यानेही मिळतो.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, लाली पसरत असेल, पू किंवा वास येत असेल, ताप असेल, तर आमची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक १०८ ला फोन करा. शुगरच्या पेशंटला पुष्कळदा दुखणं जाणवतच नाही, म्हणून घरच्या कोणीतरी रोज उजेडात त्यांचा पाय बघावा, तळवा आणि बोटांच्या बेचक्यांसकट.

ड्रेसिंगसाठी फोन करताना डिस्चार्ज कार्ड, शेवटची शुगर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं ते हाताशी ठेवा, आणि जखमेचा दिवसाउजेडी काढलेला फोटो पाठवा. तो पाहून सामान बरोबर आणता येतं, एका फेरीत काम होतं. चतुर्थीच्या दिवसांत गाड्यांची गर्दी असते, तेव्हाची वेळ आठवडाभर आधी सांगून ठेवा.